मामाजी बेडवर नव्हते

मी औषधांची पिशवी घेऊन वर आलो, तेव्हा बेड रिकामा होता.

सलाईनची बाटली अर्धी भरलेली तशीच स्टँडला लटकत होती. नळी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकातून फरशीवर थेंब पडत होते. चादर घडी करून उशीवर ठेवलेली. बेडखालच्या चपला मात्र जागच्या जागी होत्या, म्हणून मला आधी काहीच वाटलं नाही.

"सिस्टर, हे कुठे गेले?"

"बाथरूमला असतील," सिस्टर मेश्राम ट्रेमधली इंजेक्शनं लावत म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्या नळीकडे गेलं आणि हातातलं काम थांबलं. "अहो, ही कोणी काढली?"

बाथरूमचं दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. शेजारच्या बेडवरच्या माणसाला विचारलं, तो झोपेतच होता. मी वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, जिना उतरलो, पुन्हा चढलो, कँटीनमध्ये पाहिलं, एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकांवर पाहिलं. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या माणसाचा चेहरा पुढे जाऊन पाहिला. दोन तासांनी त्यांना खाली एंडोस्कोपीच्या खोलीत न्यायचं होतं, आणि माझा सासरा हॉस्पिटलातून नाहीसा झाला होता.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तरी तो रिकामा बेड अजून तसाच डोळ्यांपुढे येतो.

माझे सासरे महादेवराव भोयर हिंगणघाटजवळच्या एका गावचे. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. धावत्या छकड्यावरून पडून खांदा निखळला, तरी उठून दुसऱ्या फेरीला उभे राहिलेला माणूस, असं त्यांच्याबद्दल गावात सांगत. कल्याणी त्यांची धाकटी. ती कुणबी, मी बौद्ध. आम्ही एका कॉलेजात शिकलो आणि नंतर नागपुरात कोर्टात लग्न केलं. लग्नाआधी मामाजी एकदाच आमच्या जुन्या घरी आले होते. माझ्या आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "आत्ताच घेतलं," म्हणाले. ग्लास टेबलावर तसाच राहिला आणि ते उठून गेले. त्यानंतर तीन वर्षं बाप-लेकीत एक शब्द नाही. आमची यशोधरा जन्मली, तिचं नाव ठेवलं, तरी तिकडून कोणी आलं नाही.

मग एका संध्याकाळी गावाकडच्या शेजाऱ्याचा फोन आला. मामाजींना दोन महिन्यांपूर्वी पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला जबर सूज आली होती, ते आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. सूज ओसरली, पण पोटात पाणी साठत गेलं. खाल्लेलं काही टिकत नव्हतं. आता ताप उतरत नाही, अंगात त्राण नाही, आणि घरी दुसरं कोणी नाही. सासूबाई आधीच गेलेल्या. मोठा मुलगा विलास सुरतेला.

कल्याणीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मी नाही जात. यशू लहान आहे."

कारण ते नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती आत जाऊन पडली. मी गाडी करून गेलो, त्यांना घेऊन आलो आणि रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. वाटेत ते मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. एकदाच बोलले, "तुम्ही कायले तरास घेतला?"

आदल्या दिवशी डॉक्टर पाटणकर बाईंनी सीटी स्कॅन उजेडाला धरून आम्हाला समजावून सांगितलं होतं. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई. स्कॅनमध्ये जठराच्या मागे एक मोठी काळपट पिशवी दिसत होती, आणि तिच्या दाबानं जठर पार चेपून गेलं होतं.

"हे सगळं पू आणि मेलेला भाग आहे," त्या म्हणाल्या. "तो बाहेर काढावाच लागेल. पोट उघडून काढता येतो, पण आत्ताच्या तब्येतीत ते त्यांना झेपेल असं मला वाटत नाही. म्हणून आपण तोंडातून दुर्बीण घालू. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. जठरात उतरायचं आणि जठराच्या भिंतीतून पलीकडे पाहायचं. मध्ये रक्तवाहिनी कुठे आहे ते दिसतं, ती चुकवून भोक पाडायचं आणि तिथे एक धातूची नळी बसवायची. डमरूसारखी असते, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना पसरट, म्हणजे निसटत नाही. त्यातून सगळं जठरात वाहून येतं."

"पोट नाही फाडत ना?" मामाजींनी विचारलं.

"नाही. बाहेरून एक टाकाही नाही."

"मंग ठीक हाय."

"धोका?" मी विचारलं.

"आहे," बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "भिंतीत आडवी-तिडवी नस असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. नळी सरकू शकते. हे लपवून मी सही घेणार नाही. पण काहीच केलं नाही, तर हा पू रक्तात पसरेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मामाजींनी स्वतः सही केली. नातेवाईक म्हणून माझी हवी होती. मी म्हणालो, त्यांच्या मुलाशी बोलून करतो.

संध्याकाळी विलासला फोन लावला. खोलीत आवाज नीट येत नव्हता, म्हणून खिडकीपाशी जाऊन स्पीकर सुरू केला. मामाजी डोळे मिटून पडले होते. विलास म्हणाला, "मी उद्या संध्याकाळच्या गाडीनं पोचतो. तोवर थांबत नसेल तर करा सही. पण एक सांगून ठेवतो भाऊजी, त्यांना काही झालं तर गाव काय म्हणेल ते मी नाही थांबवू शकत. ज्याच्या घरचं पाणी प्यायले नाहीत, त्याच्या सहीनं गेले, असंच म्हणतील. कोर्ट-पोलीसही करतील लोक."

"विलासभाऊ, तुम्ही स्वतः काय म्हणता?"

"मी काय म्हणू? मी इथं आहे."

मी सही केली.

खरं सांगायचं तर त्या माणसावर माझं प्रेम होतं म्हणून मी ते केलं, असं नाही. कल्याणी घरी आतल्या खोलीत तोंड फिरवून पडली होती, ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि सही केल्यापासून मला एकच भीती धरून बसली होती. हा माणूस टेबलावर गेला, तर मी त्याला मारला असं होईल. गावात, पंचक्रोशीत, कदाचित एखाद्या दिवशी कल्याणीच्या मनातही.

सही झाल्यावर मी परत खोलीत आलो, तेव्हा मामाजींनी डोळे उघडले. "तुमचं घर इथून लय दूर हाय काय?"

तीन वर्षांत त्यांनी आमच्या घराबद्दल विचारलेला पहिला प्रश्न. मी गडबडलो. "मानेवाड्याला. बुद्धविहाराच्या मागची गल्ली. पिवळी इमारत आहे."

"कितवा माळा?"

"पहिलाच."

"अस्सं," म्हणाले आणि कूस बदलली.

आणि आता बेड रिकामा होता.

गेटवरच्या वॉचमननं सांगितलं, "डोक्यावर टॉवेल घेतलेले आजोबा? अनवाणी? ऑटोत बसले ते. मला वाटलं सुट्टी झाली."

"कुठे म्हणाले?"

"ते नाही ऐकलं बा."

मला एकच सुचलं. घाबरलेला माणूस आपल्या गावाकडे पळतो. मी मोटरसायकल काढली आणि गणेशपेठेच्या एसटी स्टँडवर आलो. हिंगणघाटची गाडी लागलेली होती. आत चढलो. एका सीटवर टॉवेल गुंडाळलेलं डोकं खिडकीला टेकलेलं दिसलं. मी खांद्याला हात लावला. भलताच माणूस. "काय हो?" म्हणून माझ्यावरच खेकसला. मी मागची गाडी पाहिली, समुद्रपूरची पाहिली, चौकशीच्या खिडकीत विचारलं, मुतारीत वाकून पाहिलं. सगळीकडे माणसंच माणसं, आणि त्यात तो एक माणूस नाही.

फोन वाजला. डॉक्टर पाटणकर.

"रामटेके, सापडले का?"

"नाही मॅडम. स्टँडवर शोधतोय."

"ऐका. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आत्ता आलाय. जंतू रक्तात उतरायला लागलेत. त्यांचं ब्लडप्रेशर कधीही खाली येईल. उन्हात, उपाशी, सलाईन नाही... मिळतील तिथून थेट इकडे आणा. आणि काही खायला-प्यायला देऊ नका. घोटभर पाणीही नाही. भूल देताना ते फुप्फुसात गेलं तर संपलं."

"हो मॅडम."

फोन खिशात ठेवला आणि मला दिसेनासं झालं. स्टँडचा आवाज दूर गेल्यासारखा वाटला. मी एका खांबाला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे एकच चित्र, कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला टॉवेलखाली झाकलेलं काहीतरी आणि भोवती लोक. विलासला काय सांगू? पोलिसात जाऊ का? तिथे विचारतील, तुम्ही कोण? जावई. भांडण होतं का? होतं.

तेवढ्यात कल्याणीचा फोन आला. आवाज इतका खाली होता, की आधी मला कळेचना.

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल."

"बाबा आलेत," ती म्हणाली. "जिन्यात बसलेत. मी दार उघडलंय, पण... ते बोलत नाहीत. नुसते बसलेत. प्रशिक, त्यांचे ओठ निळे दिसतायत."

मी घरी कसा पोचलो, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा लागला होता आणि मी मोटरसायकल तिथेच टाकून धावलो.

मामाजी जिन्याच्या मधल्या वळणावर बसले होते. हॉस्पिटलचा निळा पायजमा, वर आपला घरचा सदरा. टॉवेल मांडीवर. हाताला सलाईनची सुई तशीच चिकटपट्टीनं लावलेली आणि तिच्यातून रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आलेला. चेहरा राखेसारखा. वर आमच्या दारात कल्याणी उभी होती, यशूला छातीशी धरून. ती खाली येत नव्हती आणि त्यांच्या अंगात वर जाण्याचं बळ नव्हतं. दोघांच्या मध्ये जेमतेम सात-आठ पायऱ्या असतील.

"मामाजी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे माझ्यावर स्थिरावायला वेळ लागला. ओठ हलले. मी खाली बसून कान जवळ नेला.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी द्या ना थोडं. घरातलं."

कल्याणीनं ते ऐकलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि ती आत पळाली. परत आली ती यशूला एका कडेवर आणि दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास घेऊन. पाणी तिच्या साडीवर सांडत होतं. ती पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आली.

मी तिचा हात धरला.

"नाही."

"काय नाही? मागतायत ते!"

"कल्याणी, नाही देता येणार. डॉक्टर म्हणाल्या घोटभरही नाही. भूल द्यायची आहे."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच तिचा वैरी आहे. ग्लास त्यांच्या तोंडापासून वीतभरावर होता. मामाजींनी हात उचलून ग्लासाला लावला. मी तो ग्लास काढून घेतला. माझ्या हातानं. आयुष्यात मी पुष्कळ अवघड कामं केली असतील, पण त्या माणसाच्या हातातून आमच्या घरच्या पाण्याचा ग्लास काढून घेण्याइतकं अवघड काही केलं नाही.

"मामाजी, आत्ता नाही. नंतर देतो. हवं तेवढं देतो."

त्यांनी मान हलवली. कळलं होतं की नाही कोण जाणे. कल्याणीनं ओली बोटं त्यांच्या ओठांवरून फिरवली, तेवढंच. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तळपाय काळे झाले होते, एका अंगठ्याला खडा लागून रक्त आलं होतं.

"चप्पल कुठं हाय तुमची?" ती एकदम ओरडली. तीन वर्षांनंतर त्यांच्याशी बोललेले तिचे पहिले शब्द. "एवढ्या उन्हात बिनाचपलेचे आले? अक्कल हाय का नाही? काहून आले तुम्ही असे?"

"सांगाचं होतं," ते पुटपुटले.

"काय सांगाचं होतं?"

ते काही बोलायला गेले आणि मान एका बाजूला कलली. मी पाठीमागून धरलं नसतं तर पायऱ्यांवरून गेले असते.

खालच्या मजल्यावरच्या बोरकरांची गाडी दारात होती. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. आम्ही मामाजींना मागच्या सीटवर निजवलं, डोकं कल्याणीच्या मांडीवर. यशू माझ्याकडे. वाटभर कल्याणी त्यांच्या गालावर चापट्या मारत होती. "बाबा, झोपू नका. बाबा, इकडे पाहा. हे पाहा, हे कोण आहे." यशू मोठमोठ्यानं रडत होती आणि मला तिच्या रडण्याचा आधार वाटत होता, कारण त्या आवाजानं त्यांचे डोळे अधूनमधून उघडत होते.

दारातच स्ट्रेचर तयार होतं. आठ-दहा हात एकदम त्यांच्यावर आले. दोन्ही हातांना सलाईन, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर पाटणकर तिथेच उभ्या होत्या, डोक्याला टोपी बांधलेली.

"प्रेशर फार खाली आहे," त्या म्हणाल्या. "वर येतंय का पाहू. थोडं जरी आलं तरी मी आत घेणार. आता वाट पाहण्यात अर्थ नाही. कालच्यापेक्षा धोका वाढलाय, हे मला पुन्हा सांगावं लागेल. आणि सहीसुद्धा पुन्हा घ्यावी लागेल."

सिस्टरनी कागद पुढे केला. मी पेन घेतला.

कल्याणीनं तो माझ्या हातातून घेतला. "नातं काय लिहू?" तिनं सिस्टरना विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लिहिलं, मुलगी. मग म्हणाली, "कालची सही तुझी होती ना?"

"हो."

"मला सांगितलं का नाहीस, एवढा धोका आहे ते?"

"तू घाबरली असतीस."

"आणि तू?"

मी कागद सिस्टरकडे दिला.

त्यांना आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. यशूला कल्याणीनं पदराखाली घेतलं. समोरच्या भिंतीवर पोटाच्या आतल्या अवयवांचं एक रंगीत चित्र लावलेलं होतं. जठर गुलाबी, यकृत तांबूस, आणि मागे पिवळं, लांबट स्वादुपिंड. इतकं स्वच्छ, की माणसाच्या आत असं काही असेल हे खरं वाटू नये. मी त्यातल्या निळ्या-लाल रेषांकडे पाहत राहिलो. स्वादुपिंडाच्या कडेनं जाणारी एक लाल रेष किती जाड होती! सुई थोडी जरी इकडेतिकडे झाली तर? मी नजर वळवली. पुन्हा तिकडेच गेली.

किती वेळ गेला कळलं नाही. एकदम दार उघडलं आणि एक नर्स जवळजवळ धावत बाहेर आली. हातमोजे लाल. "ब्लड बँकेला फोन केला का?" ती कोणाला तरी ओरडली आणि वऱ्हांड्यात वळली. दार बंद होता होता आतून यंत्राचा टुकटुक आवाज आला. तो फार जलद वाटला, की माझंच काळीज धडधडत होतं, सांगता येत नाही.

कल्याणी उभी राहिली. "काय झालं? प्रशिक, काय झालं?"

"काही नाही. बस."

"हाताला रक्त होतं तिच्या."

"बस, कल्याणी."

ती बसली आणि माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती. मला वाटलं, झालं. आता ते दार उघडेल, बाई टोपी काढत बाहेर येतील आणि हळू आवाजात बोलायला लागतील. मी मनात वाक्यं जुळवू लागलो. विलासला फोन करून काय म्हणायचं. गावात नेताना माझी आई आली तर चालेल का. मला शरम वाटली, पण थांबता येईना. ती नर्स रक्ताची पिशवी घेऊन परत आली आणि आमच्याकडे न पाहता आत गेली. त्यानंतर कोणीच बाहेर आलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या डोक्यावर टोपी तशीच होती. कपाळावर घाम.

"बसली नळी," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.

"भोक पाडताना पिशवीच्या भिंतीतली एक बारीक नस फाटली. स्क्रीनवर सगळं लालच दिसायला लागलं. मग नळीच्या आत फुगा फुगवून ती जागा दाबून धरली, बराच वेळ. थांबलं रक्त. पू असा आला की बस, लिटरभराच्या वर निघाला असेल. प्रेशर चढतंय." त्या बाकाच्या कडेवर टेकल्या. "आजची रात्र पाहू. पण मला वाटतं, सुटले."

कल्याणीनं यशूच्या डोक्यावर तोंड ठेवलं आणि तशीच राहिली.

विलास संध्याकाळी पोचला. स्टेशनवरून थेट, हातात बॅग तशीच. अतिदक्षता विभागात एका वेळी दोघांनाच सोडत होते, म्हणून तो आणि मी आत गेलो. मामाजी जागे होते. दुर्बिणीच्या नळीमुळे घसा बसला होता, पण डोळ्यांत माणूस परत आला होता.

विलासनं त्यांना पाहिलं आणि त्याचा जो काही धीर होता तो सुटला. तो माझ्यावर उलटला. "असे कसे निघून गेले हे? तुम्ही कुठं होते? एक माणूस सांभाळता येत नाही? काही झालं असतं म्हणजे?"

"मी औषधं आणायला..."

"ते सांगू नका मला. काल बोललो होतो मी तुम्हाला."

"विलास."

घोगरा आवाज होता, पण दोघंही थांबलो.

"त्याले नको बोलू," मामाजी म्हणाले. "मी गेलतो. माह्या मनानं."

"पण काहून बाबा? ऑपरेशनले भेले?"

"भेव तर लागतच होतं. तोंडातून नळी, मंग पोटाले भोक." ते दम घ्यायला थांबले. "पण त्याच्यासाठी नाही गेलो. काल तू फोनवर बोलला. मी जागाच होतो. सगळं आयकलं."

विलासचा चेहरा उतरला.

"मी टेबलावर मेलो असतो, तर लोकं याच्या नावानं बोलले असते. तूही बोलला असता." त्यांनी मान थोडी माझ्याकडे वळवली. "मंग पोरीच्या घराचं काय? मले वाटलं, तिले तिच्या घरी जाऊन सांगावं, का पोरी, सही मी केली. मी माह्या मर्जीनं झोपलो. मी गेलो, तरी याच्याकडे कोणी बोट दाखवाचं नाही, तूही नाही. फोनवर ती बोलली नसती माह्याशी. म्हणून गेलो." पुन्हा दम. "जिन्यापाशी अंगातलं सारं गेलं. सांगणंच राह्यलं."

विलासनं बॅग खाली ठेवली. मग खिडकीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. यंत्रावरची हिरवी रेघ शांतपणे वरखाली होत होती.

"आता झोपतो मी," मामाजी म्हणाले आणि खरोखरच झोपले.

मी बाहेर आलो. कल्याणी बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि आत काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर दात एकमेकांवर आपटायला लागले. दिवसभर स्टँडवर, जिन्यात, गाडीत, त्या लाल दिव्याखाली कशीबशी दाबून ठेवलेली भीती एकदम वर आली. खांदे, हात, गुडघे, सगळं थडथडू लागलं. थांबवू म्हटलं तर आणखीच.

"आता काय झालं?" कल्याणी घाबरून म्हणाली. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग?"

"माहीत नाही. भीती वाटतेय."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग यशूला उचलून माझ्या हातांत दिलं. ती सकाळपासून रडून रडून दमली होती आणि अजून हुंदके देत होती. मी तिला छातीशी धरलं. माझे हात थांबले नाहीत, कितीतरी वेळ कापतच राहिले. त्या कापण्यानंच हळूहळू यशूला झोप लागली.